विषय क्रमांक सात

ग्रामसभेच्या नोटिशीवर विषय क्रमांक तीन होता नियोजित मॉलच्या बांधकाम परवान्याचा आणि विषय क्रमांक सात होता 'रस्त्याच्या कामाचा आढावा'. तिसऱ्या विषयाला पंचायतीचे सभागृह खचाखच भरले होते, खिडकीबाहेर उभे असलेलेही आतल्यांच्या वर आवाज चढवत होते. दोन तास दहा मिनिटे हा गोंधळ चालला. हो, मी घड्याळ लावून बसलो होतो, सवय आहे. सातवा विषय आला तेव्हा आम्ही अकरा जण उरलो होतो. त्यात दोन पंच, एक सचिव आणि मंडपवाल्याकडून खुर्च्या न्यायला आलेला एक मुलगा. कनिष्ठ अभियंत्याने उभे राहून सांगितले की काम प्रगतिपथावर आहे, पावसामुळे थोडे लांबले, दिवाळीपर्यंत हॉटमिक्स डांबरीकरण होईल. "कोणाला काही विचारायचेय?" असे सरपंचांनी विचारले, पण विचारताना ते फायली आवरत होते. सातवा विषय चार मिनिटांत संपला.

गाव गोव्यातल्या बार्देश तालुक्यातला, महामार्गाला खेटून असलेला. नाव लिहीत नाही. लिहिले की वाचणारे लेख बाजूला ठेवून पंचांचे पक्ष मोजायला बसतात. शिवाय गोव्यात १९१ पंचायती आहेत, आणि पेडण्यापासून काणकोणपर्यंत महामार्गाकाठच्या कितीतरी पंचायतींत हीच सभा थोड्याफार फरकाने झालेली असणार.

मला एवढेच म्हणायचे आहे, की तिसरा आणि सातवा हे दोन विषय मुळात एकच आहेत. ते वेगळे मांडले जातात म्हणून आपण मॉलवर भांडतो आणि रस्त्यावर हरतो.

मी म्हापशात छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहितो, जीएसटीची विवरणपत्रे भरतो. ग्रामसभेत 'मॉल आला की आमचा दुकानदार मेला' असे कोणी म्हणाले की टाळ्या पडतात. दुकानदार कसा मरतो, हे मात्र मी त्याच्या विक्रीच्या वहीत पाहिलेले आहे, आणि तो मॉलने मेलेला मला क्वचितच दिसला. माझ्याकडे दोन भावांचे भुसारी दुकान आहे, आपल्याकडे ज्याला सगळे पोसरो म्हणतात ते. वडिलांपासून चालत आलेले, महिन्याची यादी घेऊन येणारी बांधील गिऱ्हाइके असलेले. एका ऑक्टोबरात त्यांच्या दारासमोरचा रस्ता उकरला. आधी वीजवाहिन्या जमिनीखाली घालण्यासाठी. त्या बुजवल्या, वरून खडी पसरली, आणि पंधरा दिवसांत पाण्याची पाइपलाइन टाकणारे आले. ते गेल्यावर सांडपाण्याचे. दुकानात जायला एक फळी टाकली होती, तीही थोरल्या भावाने स्वतःच्या घरून आणलेली.

पहिल्या महिन्यात विक्री फार पडली नाही. लोक फळीवरून आले. म्हाताऱ्या माणसांना धाकट्या भावाने हात धरून आत घेतले. दुसऱ्या महिन्यापासून मोठ्या याद्या बंद झाल्या. पाच किलो तांदूळ, दोन लिटर तेल, साखर, साबण एवढे ओझे घेऊन फळीवरून कोण चालणार, आणि स्कूटर कुठे लावणार? ही माणसे महामार्गावरच्या मोठ्या दुकानात जाऊ लागली. तिथे गाडी दारात लागते आणि ट्रॉली थेट डिकीपर्यंत येते. पाऊस सुरू झाला तेव्हा खड्ड्याचा तलाव झाला. रस्ता अखेर गुळगुळीत होईपर्यंत आठ महिने गेले होते. सगळ्यांना वाटले, आता गिऱ्हाईक परतेल. परतले की! पण कोथिंबीर, दुधाची पिशवी आणि मोबाईलच्या रिचार्जपुरते. महिन्याची यादी तिकडेच राहिली. सवय एकदा मोडली की मोडलीच. जे गिऱ्हाईक मॉलला दहा वर्षांत जाहिराती करून फोडता आले नसते, ते आपल्याच रस्त्याने आठ महिन्यांत तिथे पोहोचवून दिले.

म्हणून मॉलविरोधाची भाषणे ऐकताना मला थोडे हसू येते आणि थोडा रागही. मॉलला छोट्या दुकानाशी झुंजावे लागत नाही. समोरचा रस्ता कोणीतरी उकरून ठेवीपर्यंत तो फक्त वाट पाहतो.

पर्वरीतला सध्याचा अनुभव ताजा आहे. महामार्गावर सुमारे पाच किलोमीटरचा उंच उड्डाणमार्ग उभा राहतो आहे, त्याच्या खांबांसाठी वाहतूक वळवली, आणि म्हापसा-पणजी हा रोजचा प्रवास म्हणजे लोकांना शिक्षा झाली. मार्च २०२५ मध्ये त्याच कामासाठी खाप्रेश्वर देवाचा वड हलवला तेव्हा गावकरी रस्त्यावर उतरले, पोलीस आले, वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर बातम्या दिल्या. लोकांचे दुःख खरे होते. पण त्याच रस्त्याकडेची औषधांची, हार्डवेअरची, चष्म्यांची दुकाने पत्र्याच्या कुंपणामागे गेली त्याची बातमी किती दिवस टिकली? दुकान म्हणजे काही देवाचे झाड नव्हे, त्याला पुढे करून आंदोलन उभे राहत नाही.

पणजीतही वेगळे काही घडले नाही. स्मार्ट सिटीच्या नावाखाली सांतिनेज आणि मळ्याच्या गल्ल्या कितीदा उकरल्या, मिठाईच्या दुकानांनी आपले काउंटर धुळीपासून प्लास्टिकने कसे झाकले, हे अजून लोकांच्या डोळ्यांपुढे आहे. एप्रिल २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी स्वतः फिरून त्या कामांची पाहणी केली. न्यायालयाला खड्डे बघायला बाहेर पडावे लागते, याचा अर्थ 'काम प्रगतिपथावर आहे' या वाक्याची पत संपली आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात मुख्यमंत्र्यांनी निकृष्ट रस्त्यांबद्दल कंत्राटदारांना आणि अभियंत्यांना कारणे दाखवा नोटिसा बजावल्याचे सांगितले. नोटिसा बजावल्या, छान झाले. पण आठ महिने फळीवर काढलेल्या दुकानदाराला त्यातून काय मिळाले?

आता मॉलकडे येतो. गावातल्या ज्या पोरी बिलिंग काउंटरवर उभ्या राहून महिन्याला पगार घरी आणतात, त्यांच्या आयांना विचारल्याशिवाय मॉलला शिव्या देऊ नयेत. एका आईने सभेत उभे राहून हेच सांगितले तेव्हा मागून दोघे-तिघे ओरडले, मला लाज वाटली. मॉलमध्ये बाईला स्वच्छ शौचालय मिळते, म्हाताऱ्याला लिफ्ट मिळते, किंमत छापलेली असते आणि गिऱ्हाइकाचे तोंड बघून ती बदलत नाही. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार मला जिवापाड आवडतो, पण जून महिन्यात तिथे मासळी बाजारापासून केळीवाल्यांपर्यंत चालत जाऊन दाखवा आणि मग संस्कृतीवर बोला.

संस्कृती हा शब्द त्या दिवशी सभेत चार-पाचदा आला. 'मॉल आला की आपली माटोळी जाईल' असे एकाने म्हटले. माटोळी म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या वर टांगतात ती फळांची, रानमेव्याची सजावट. जाणार नाही. चतुर्थीच्या आधी दोन-तीन दिवस सत्तरीतून, डिचोलीतून बायका टोपल्या घेऊन येतात. कांगले, घागऱ्या, कवंडळे, आंबाडे, चिबूड, तोरिंगणे, सुपारीचे कातरे. पहाटे पाचला रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून मांडतात. कोणताही मॉल कवंडळ विकणार नाही, त्याला त्याचा बारकोड सापडणार नाही. पण गेल्या चतुर्थीला नेहमीच्या जागी बसणारी एक बाई मला सापडली नाही. शोधत गेलो तर ती गल्लीच्या आत, एका बंद शटरसमोर, अर्ध्या टोपलीइतक्या जागेत बसली होती. नेहमीच्या जागी फुटपाथ उखडून ठेवला होता, पेव्हर ब्लॉकचे ढीग पडले होते. "बाय, तू हांगा?" विचारले तर म्हणाली, "म्हजी सुवात खणून दवरल्या." तिची जागा खणून ठेवली होती. मॉलचे नावही तिने घेतले नाही.

मग मॉलला सरसकट 'होय' म्हणायचे का? नाही. पण 'नको' म्हणायचे तर कुठे आणि कधी, हे कळले पाहिजे, आणि इथे ग्रामसभेची मोठी फसवणूक होते.

जमिनीचे भवितव्य ग्रामसभेत ठरत नाही. ते पणजीला नगरनियोजन खात्यात ठरते. प्रादेशिक आराखडा २०११ लोकांनी रस्त्यावर उतरून जानेवारी २००७ मध्ये सरकारला मागे घ्यायला लावला, ही गोव्याच्या अलीकडच्या इतिहासातली मोठी गोष्ट. त्यानंतर वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्यासारखा माणूस घेऊन कृती दल झाले, गावागावांतून सूचना मागवल्या, आराखडा २०२१ तयार झाला. कुठे शेत, कुठे वस्ती, कुठे बाजार, हे गावाने नकाशावर पाहिले. मग त्या नकाशाला भोके पडू लागली. नगरनियोजन कायद्यात २०१८ मध्ये कलम १६-ब, २०२३ मध्ये १७(२), २०२४ मध्ये ३९-अ. एकेका जमीनमालकाच्या अर्जावरून एकेका सर्व्हे नंबरचा झोन बदलण्याच्या या वाटा. १७(२) खालचे नियम मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केले, तरी एक वाट अडली की दुसरी चालू असते. ३९-अ खाली हरकतींसाठी तीस दिवस मिळतात, आणि आपल्याच गावातला सर्व्हे नंबर त्या यादीत आहे हे गावातल्या किती जणांना तीस दिवसांत कळते?

म्हणजे भात शिजले, पानात वाढले, आणि आता ग्रामसभेला विचारतात, मीठ किती घालू? ग्रामसभेने हात वर करून 'मॉल नाका' असा ठराव घेतला तरी परवाना देणे न देणे पंचायत मंडळाच्या हाती. मंडळाने नाकारला तर अर्जदार अपिलात जातो आणि तिथे 'लोकांचा विरोध आहे' या कारणावर नकार टिकवणे अवघड असते. नकाराला कारण लागते, कागदावरचे, मोजता येणारे. विषय क्रमांक तीन मला पोकळ वाटतो तो यामुळे. दोन तास दहा मिनिटांत आम्ही कागदावर टिकेल असे एकही कारण तयार केले नाही.

कारण मात्र होते, आणि ते सातव्या विषयात पडून होते.

गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैत एका दिवसात शंभर मिलिमीटर पडणे ही काही नवलाची बातमी नाही. आता दहा हजार चौरस मीटर जागा छप्पर आणि पार्किंगच्या फरशीने झाकली असे धरा. त्या एका दिवसात तिच्यावर दहा लाख लिटर पाणी पडेल. दहा हजार लिटरचे शंभर टँकर. आज ती जागा मोरड, म्हणजे उंचावरची भरड जमीन आहे, पाणी जिरते, उरलेले हळूहळू खालच्या शेतात उतरते. उद्या हे शंभर टँकर महामार्गाच्या गटारात येणार, आणि ते गटार आमच्या गावच्या रस्त्याखालच्या मोरीतून जाणार.

ती मोरी मी आणि माझ्या शेजाऱ्याने टेप लावून मोजली. दोन सिमेंटचे पाइप, एकेक दोन फूट व्यासाचा. त्यातला डावीकडचा पाइप रस्ता उकरताना निघालेल्या डांबराच्या ढेकळांनी जवळजवळ बुजलेला. म्हणजे उरला एक. मॉलच्या नकाशावर त्या जागी 'अस्तित्वातील नाला' असे लिहून निळी रेघ ओढलेली आहे. सुंदर, सरळ रेघ.

हे वाचून कोणी म्हणेल, मग रुंद मोरी घाला. घालायची कोणी? याच प्रश्नावर मॉल आणि रस्ता एक होतात. गोव्यात २००९ च्या कायद्याने बांधकामावर पायाभूत सुविधा कर बसतो. चौरस मीटरच्या हिशेबाने तो भरायचा, नगरनियोजन खात्याच्या टप्प्यावर. मोठे व्यापारी संकुल म्हटले की रक्कम लहान नसते. ती राज्याच्या तिजोरीत जाते. पायाभूत सुविधा म्हणजे रस्ता, गटार, पाणी, पदपथ. मग ज्या गावात बांधकाम होते त्या गावच्या मोरीपर्यंत त्यातले किती येते, हे विचारायला कोणी मॉलविरोधक असायची गरज नाही. हिशेब लिहिणारा माणूस म्हणून मला तर जमेची बाजू दिसली की खर्चाची बाजू कुठे आहे हे बघायचीच सवय आहे. ती त्या सभेत कोणी उघडली नाही. विरोधकांनीही नाही.

अजूनही काही कागद आहेत जे मागता येतात. राष्ट्रीय महामार्गावरून मॉलमध्ये गाडी वळवायची तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची जोडरस्त्याची वेगळी परवानगी लागते, गाड्यांना वेग कमी-जास्त करायला वेगळी पट्टी द्यावी लागते. ती परवानगी मिळाली आहे का? पट्टी कोणाच्या जागेतून जाणार? बांधकाम २० हजार चौरस मीटरच्या वर गेले तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण दाखला लागतो. आमच्या मॉलचा आकडा त्या रेषेच्या जरा अलीकडे थांबतो. योगायोगही असेल. पण दुसरा टप्पा नकाशात ठिपक्यांनी दाखवलेला आहे, तेव्हा दोन्ही टप्पे मिळून किती, हे विचारायला हवे होते. पाणी कुठून? तिळारीचा कालवा फुटला की अस्नोड्याचा पाणी प्रकल्प थंड पडतो आणि बार्देशचे नळ कोरडे होतात, हे आम्ही अनेकदा भोगले आहे. कचरा साळगावला जाणार म्हणे. साळगावचा प्रकल्प काही अलादीनचा दिवा नाही, तिथे जाणारा प्रत्येक ट्रकही त्याच रस्त्याने जाणार.

ही सगळी कारणे आहेत. यांतली दोन जरी ठरावात नीट लिहिली असती तर मॉलवाल्याला उत्तर द्यावे लागले असते, सरकारला मोरीचा खर्च दाखवावा लागला असता, आणि परवाना दिलाच तरी अटींसकट द्यावा लागला असता. आम्ही मात्र गोंयकारपण, माटोळी, पुढची पिढी आणि कुठल्या पंचाने कुठे फ्लॅट घेतला यावर बोललो. शेवटच्या मुद्द्यावर तर वीस मिनिटे.

त्या गोंधळात एक म्हातारा, हातात पावांची पिशवी, बहुधा पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, थेट सभेला आलेला, उठून म्हणाला, "पयलीं रस्तो करात, मागीर मॉल हाडात." आधी रस्ता करा, मग मॉल आणा. लोक हसले. मला वाटते अख्ख्या सभेत उपयोगाचे वाक्य हे एकच होते. कुठला रस्ता, किती रुंद, कुठल्या तारखेपर्यंत, कोणाच्या पैशाने हे ठरल्याशिवाय मॉलचा अर्ज विचारात घेऊ नये, एवढा ठराव त्यातून झाला असता. सचिवांच्या इतिवृत्तात ते असे उतरले: 'काही ग्रामस्थांनी रस्त्याबाबत सूचना केल्या.'

काही लोक म्हणतील, पंचायतीच्या हाती रस्ता तरी कुठे आहे? महामार्ग केंद्राचा, जिल्हा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, खड्डा वीज खात्याचा, पाइप पाण्याचा. बरोबर आहे, आणि दुखणेही हेच आहे. म्हणून पंचायतीने निदान मागता येईल ते मागावे. एकच रस्ता वर्षात तीन खात्यांनी तीनदा उकरू नये म्हणून तिघांचे वेळापत्रक एका पानावर, पंचायतीच्या फलकावर. दुकानासमोर खोदकाम असेल तर फळी दुकानदाराने घरून आणायची नाही, ती कंत्राटात असावी. आणि आढावा म्हणजे 'प्रगतिपथावर' असे नव्हे: किती मीटर झाले, किती उरले, कोणती तारीख चुकली, चुकवल्याचा दंड कोणी भरला. मॉलचा मालक आपल्या कंत्राटदाराकडून दर आठवड्याला नेमके हेच मागतो. म्हणून त्याची इमारत वेळेत उभी राहते आणि आपला रस्ता राहत नाही.

आमच्या रस्त्याच्या तोंडाशी कामाचा निळा फलक आहे. कामाचे नाव, रक्कम, कंत्राटदार, सुरुवात. 'काम पूर्ण होण्याची तारीख' ही ओळ गेल्या वर्षापासून वाचता येत नाही, कारण तिच्यावर एका लोकप्रतिनिधीच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचा बॅनर बांधला आहे. वाढदिवस होऊन गेला. बॅनर सोडायला शिडी लागते.

बुजलेल्या पाइपबद्दल मी अर्ज दिला आहे. त्यासोबत मोरीचे माप, तिचे दोन फोटो आणि शंभर टँकरचा हिशेब जोडला आहे. आवक क्रमांक पडला, शिक्का बसला. पुढच्या ग्रामसभेची नोटीस परवा लागली: मॉल पुन्हा विषय क्रमांक तीन, रस्ता पुन्हा सात. सचिवांना विचारले, क्रम बदलता येईल का? ते म्हणाले, "नोटीस छापून झाली." मग मी मंडपवाल्याच्या पोराला गाठले आणि सांगितले, त्या रविवारी खुर्च्या न्यायला जरा उशिरा ये.